दहा बोटं, सहा तारा

ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीची पुढच्या महिन्यात बदली होतेय. ती फ्लूट वाजवते, मी गिटार. जाण्याआधी एक तरी पीस धड वाजवायचा, असं ठरलं. निवडला गर्शविनचा १९२६ सालचा दुसरा पियानो प्रिल्यूड. बांधणी क्लासिकल, आत पक्का ब्लूज.

मूळ स्केल सी शार्प मायनर. गिटारवर बोटांची पार वाट! म्हणून सगळा पीस चढवून ई मायनरमध्ये आणला. आता सगळ्यात खालची मोकळी तार आपणहून घुमते. मधला भाग ए मेजरमध्ये येतो, म्हणजे गिटारचं माहेरच.

खरी भांडणं पुढेच. मला पियानोतला प्रत्येक स्वर हवा होता. पियानिस्टला दहा बोटं, मला तारा सहाच! तीन शनिवार असेच गेले. शेवटी ती वैतागली, "अरे, तू काही सोडतच नाहीस. मला श्वास घ्यायला तरी जागा ठेव ना!"

मग खालचा स्वर आणि कॉर्डमधले दोन, एवढंच ठेवलं. मधल्या भागात चाल पियानोच्या डाव्या हाताकडे जाते, ती गिटारला दिली. फ्लूट वरून नुसती उत्तरं देते. आणि पियानोला जमत नाही ते आम्हाला जमलं : दोन पट्ट्यांमधला तो दुखरा स्वर. ती फुंक जराशी वळवते आणि तो मींडेसारखा घसरत येतो.

येत्या शनिवारी शेवटची प्रॅक्टिस. स्वर गाळायला शिकलोय. त्यानंतरचे शनिवार कसे वाजवायचे, ते मात्र तुम्हीच सांगा.