पोटाचं दुखणं लपवून नोकरी करू नका

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचं निदान बऱ्याच जणांना ऐन विशी-तिशीत होतं. नोकरी नुकती लागलेली असते, घरी लग्नाची बोलणी चाललेली असतात आणि आतड्याला सूज येऊन व्रण पडतात. मुरडा येतो, रक्त पडतं, दिवसातून आठ-दहा वेळा संडासला पळावं लागतं. हे साहेबांना सांगायचं कसं? मग माणूस सांगतच नाही. ‘ॲसिडिटी झाली’, ‘बाहेरचं खाण्यात आलं’ म्हणत दिवस काढतो. तीच सबब चौथ्यांदा ऐकल्यावर वरिष्ठांना तो कामचुकार वाटू लागतो. माझं स्पष्ट मत आहे, दुखण्याने जितक्या नोकऱ्या जातात, त्याहून जास्त या लपवाछपवीने जातात.

म्हणून सांगा, आणि तब्येत बरी असतानाच सांगा. सगळं वर्णन करायची गरज नाही. ‘मला आतड्याचा जुनाट आजार आहे, तो संसर्गाचा नाही, औषधं चालू आहेत. मधूनमधून उचल खातो, तेव्हा काही आठवडे त्रास होतो’, एवढं पुरे. त्यापुढे नेमकं मागा: संडासाजवळची जागा, तासभर उशिरा येण्याची मुभा, त्रासाच्या दिवसांत घरून काम. सोबत डॉक्टरांचं पत्र द्या आणि बोलणं झालं की ईमेल पाठवून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार नाही, त्यामुळे नुसत्या निदानावर त्या कायद्याचा आधार मिळत नाही. लेखी नोंद आणि वरिष्ठांचा विश्वास, दोन्ही म्हणूनच हवेत.

ज्यांना जागा सोडताच येत नाही, त्यांचं अवघड आहे. शिक्षक असाल तर शेजारच्या वर्गावरच्या बाईंना विश्वासात घ्या, पाच मिनिटं त्या दोन्ही वर्ग सांभाळतील. काउंटरवर बसत असाल तर बदली माणूस आधीच ठरवून ठेवा.

मुंबईत प्रवास हीच मोठी परीक्षा असते. लोकलमध्ये संडास नाही आणि विरारहून चर्चगेट गाठायला दीड तास जातो. त्या धास्तीने कित्येक जण सकाळी काही खात नाहीत, दुपारचा डबाही तसाच परत नेतात. असं करू नका. उपाशी राहून सूज उतरत नाही, वजन आणि हिमोग्लोबिन मात्र उतरतं. त्रासाच्या दिवसांत फास्ट सोडून स्लो गाडी धरा. वेळ जास्त लागेल, पण वाटेत कुठेही उतरता येतं. कोणत्या स्टेशनवरचं स्वच्छतागृह उघडं आणि बरं असतं, हे आधी पाहून ठेवा. बॅगेत कपड्यांचा एक जोड असू द्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बरं वाटलं की गोळ्या बंद करणारे खूप आहेत. ते करू नका. स्टेरॉइड तर मनाने कधीच एकदम थांबवू नका, ते डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करावं लागतं. डोकं दुखलं म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी घेण्याआधीही विचारा, काही गोळ्यांनी आजार पुन्हा उसळू शकतो. आणि आजारापायी काम सोडावं लागलंच, तर जपानचे शिंजो आबे आठवा. त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. त्यांनी २००७ मध्ये पंतप्रधानपद सोडलं, पण नव्या औषधाने आराम पडल्यावर २०१२ मध्ये ते परत आले आणि पावणेआठ वर्षं त्या पदावर राहिले. २०२० मध्ये आजार उलटला, तेव्हा पायउतार झाले. कामातून काही काळ बाजूला होणं म्हणजे सगळं संपलं असं नाही.

राजीनामा लिहिण्याआधी विमा बघा. कंपनीच्या सामूहिक विम्यात जुना आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. स्वतःच्या पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तेव्हा नोकरी चालू असतानाच स्वतंत्र पॉलिसी घेण्याचा प्रयत्न करा आणि फॉर्मवर आजार लपवू नका, नाहीतर ऐन वेळी दावा नाकारला जाईल.

आणि हाताखाली माणसं असलेल्यांना एक विनंती. मीटिंगमधून कुणी घाईने उठलं तर ‘कुठे निघालात?’ असं सगळ्यांदेखत विचारू नका. ती व्यक्ती परत आली की जिथे विषय थांबला होता तिथून पुढे सुरू करा.