कलेचा तास कोणाच्या भरवशावर?

महापालिकेच्या शाळांच्या वेळापत्रकात चित्रकलेचा आणि संगीताचा तास लिहिलेला असतो. परीक्षा जवळ आली, की गणिताला किंवा इंग्रजीला लागणारा जादा वेळ बहुधा याच तासातून काढला जातो. पालक त्याबद्दल तक्रार करीत नाहीत आणि मुख्याध्यापकांनाही त्यात फारसे गैर वाटत नाही, कारण हा तास बुडाल्याने कोणाचा निकाल खाली येत नाही. अशा परिस्थितीत संग्रहालये, नाट्यसंस्था, स्वयंसेवी संघटना आणि उद्योगसमूह शहरातील शाळांच्या मदतीला येतात, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि ही मदत कलाशिक्षणाला आधार देते, की शासनाला आणि महापालिकेला आपल्या कर्तव्यातून मोकळे करते, या प्रश्नाचा विचार करण्याची वेळ आली आहे.

समाजाने कलाशिक्षणाचा भार उचलावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय काढले, ते संस्थानिकांच्या दरबारावर विसंबून नव्हे. लोकांचा आश्रय आणि स्वतःच्या मैफलींचे उत्पन्न हाच त्यांचा आधार होता. या आधाराच्या मर्यादाही त्यांच्याच वाट्याला आल्या. मुंबईतील विद्यालयाची वास्तू पुढे कर्जापायी हातची गेली. परंतु वास्तू गेली तरी कार्य बुडाले नाही, कारण पलुसकरांनी गायकांबरोबरच गाणे शिकविणारे शिक्षकही तयार केले होते. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि संगीताचे शिक्षण गावोगावी नेले. देणग्या आटल्या तरी शिक्षक टिकले, हा या इतिहासाचा खरा धडा आहे आणि आजच्या चर्चेत नेमका तोच विसरला जात आहे.

कायद्याने या शिक्षकाला काय दिले ते पाहण्यासारखे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणाचा उल्लेख आहे. पण तो सहावी ते आठवीपुरता, शंभराहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळांपुरता आणि तोही अंशकालीन निदेशकापुरता. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी स्वतंत्र कलाशिक्षक असावा, असे हा कायदा म्हणत नाही. वस्तुतः हात, डोळा आणि कान घडण्याचे वय तेच. उलट २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा, अशी शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने स्थानिक कलावंत व कारागीर यांना शाळांत निदेशक म्हणून आणण्याचा विचार पुढे मांडला. विचार उत्तमच आहे. परंतु कायद्याने अर्धवेळ ठरविलेल्या शिक्षकाच्या जागी धोरणाने पाहुणा बोलावला, तर शाळेत कायमचे असे कोणीच उरणार नाही.

पैशाची अडचण आहे असेही म्हणता येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपलीकडील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि त्या कार्यांच्या यादीत शिक्षण आहे तशीच कला व संस्कृतीही आहे. देशातील अनेक बड्या कंपन्यांची मुख्य कार्यालये मुंबईत आहेत. प्रश्न आहे तो हा पैसा कोठे, किती काळासाठी आणि कोणाच्या सल्ल्याने खर्च होतो याचा.

या बाबतीत न्यूयॉर्क शहराचा अनुभव उद्बोधक आहे. १९७५ मध्ये ती महानगरपालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली तेव्हा हजारो शिक्षकांना घरी पाठविण्यात आले आणि कलाशिक्षकांवर पहिला घाव पडला. पोकळी भरण्यासाठी समाज पुढे आला. ॲग्नेस गुंड या कलासंग्राहक बाईंनी १९७७ मध्ये ‘स्टुडिओ इन अ स्कूल’ ही संस्था काढून व्यावसायिक चित्रकारांना शाळांच्या वर्गांत नेले. अशा आणखी कितीतरी संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोलाचे काम केले. १९९७ मध्ये शहराने कलाशिक्षणासाठी राखीव निधी ठेवला. २००७ मध्ये तो राखीव ठेवण्याचे बंधन काढून टाकले. त्याचा परिणाम २०१४ मध्ये शहराच्या वित्त-नियंत्रकांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात दिसून आला. सुमारे २० टक्के शाळांत पूर्णवेळ किंवा अर्धवेळ असा एकही प्रमाणित कलाशिक्षक नव्हता आणि अशा शाळांपैकी ४२ टक्क्यांहून अधिक शाळा दक्षिण ब्राँक्स व मध्य ब्रुकलिन या गरीब वस्त्यांत होत्या. जगातील सर्वांत श्रीमंत कलासंस्था ज्या शहरात आहेत, तेथे चाळीस वर्षांच्या सामाजिक सहभागानंतरची ही स्थिती होती. संस्थांची सद्भावना कमी पडली असे नव्हे. सद्भावनेला सर्व शाळांचा हिशेब ठेवता येत नाही. तो हिशेब सार्वजनिक यंत्रणेनेच ठेवावा लागतो. अहवालानंतर शहराने कलाशिक्षणासाठी २ कोटी ३० लाख डॉलरची जादा तरतूद केली, ही त्या चुकीची कबुलीच होती.

तरीही यावरून संस्थांचा सहभाग निरुपयोगी ठरतो, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. अमेरिकेतीलच ह्यूस्टन शहराने या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली आहे. तेथे शाळा, नगरप्रशासन, दाते आणि कलासंस्था यांनी एकत्र येऊन ४२ शाळांत एक प्रयोग केला. कोणत्या शाळांना कार्यक्रम आधी मिळावा हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरविल्यामुळे तुलना निर्दोष झाली. दहा हजारांहून अधिक मुलांची पाहणी करून २०१९ मध्ये जे निष्कर्ष मांडले गेले, त्यांत शिस्तभंगाचे प्रकार घटले, लेखनाच्या परीक्षेतील गुण वाढले आणि दुसऱ्याविषयीची कणव वाढली, असे आढळले. गणितात फरक पडला नाही. पण चित्रकलेचा तास घेतल्याने गणित मागे पडते, ही भीतीही खोटी ठरली. आपल्या मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी लक्षात घ्यावी अशी ही गोष्ट आहे. या प्रयोगाच्या यशाचे मर्म असे, की कोणत्या शाळेला काय कमी आहे याची नोंद आधी झाली होती आणि मदत त्या नोंदीप्रमाणे वाटली गेली.

मुंबईत हीच नोंद सर्वांत आधी व्हायला हवी. या शहराच्या नामांकित कलासंस्था कोठे आहेत ते पाहावे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. १८५७ पासूनचे सर ज. जी. कला महाविद्यालय आणि नरिमन पॉइंटचे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र हीही दक्षिणेच्या त्याच टोकाला. महापालिकेच्या शाळांत शिकणारी मुले मात्र गोवंडी, मानखुर्द, धारावी, मालवणी येथे राहतात. ही दरी ओळखून वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरते संग्रहालय सुरू केले, हे त्या संस्थेला भूषणावह आहे. परंतु बस शाळेच्या दारातून निघून गेल्यावर मुलांनी पाहिलेल्या मूर्तीविषयी दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी कोण बोलणार? बोलणारा शिक्षक वर्गात असेल, तर एका दिवसाची भेट वर्षभर पुरते. तो नसेल, तर तो दिवस सहलीचा ठरतो.

शिवाय समाज म्हणजे केवळ दाते आणि नामांकित संस्था नव्हेत. या शाळांतील मुलांचे आईबाप हेही समाजच आहेत. धारावीच्या कुंभारवाड्यातील चाक, लालबाग-परळचे मूर्तिकार, कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची भजनी मंडळे, गिरणगावाची शाहिरी या सर्व गोष्टी शाळेच्या भिंतीला लागून आहेत. शाळेत जेमतेम पाऊल टाकलेल्या अण्णाभाऊ साठ्यांना याच वस्त्यांनी शाहीर केले. नारायण सुर्वे तर महापालिकेच्याच शाळेत आधी शिपाई आणि पुढे शिक्षक होते. रत्नाकर मतकरींसारख्या ज्येष्ठ नाटककाराने उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांतील मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, तेव्हा मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटुकली केली. मुलांना कला बाहेरून आणून द्यावी लागते, हा समज त्यामुळे दूर व्हायला हवा. अनेकदा ती त्यांच्या घरीच असते. शाळेने तिला मान द्यायचा असतो. कुंभाराला किंवा भजनीबुवाला शाळेत बोलवायचे, तर त्याच्या बुडणाऱ्या रोजगाराएवढे मानधन वेळेवर मिळाले पाहिजे. शाल आणि नारळ यांवर कोणाची चूल पेटत नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, दर शाळेला शक्य नसेल तर जवळच्या दोन-तीन शाळांना मिळून तरी एक पूर्णवेळ कलाशिक्षक असावा आणि तो पहिलीपासूनच्या मुलांसाठी असावा. दुसरी गोष्ट, बाहेरच्या संस्थांशी होणारे करार किमान तीन वर्षांचे असावेत. एका वर्षाच्या करारात पहिले सत्र ओळखीत आणि दुसरे स्नेहसंमेलनाच्या तयारीत जाते. छायाचित्रे छापून येतात आणि मुलांच्या हाती काही लागत नाही. तिसरी गोष्ट, कोणत्या विभागातील कोणत्या शाळेला कोणत्या संस्थेचा लाभ मिळतो याची यादी शिक्षण खात्याने दरवर्षी प्रसिद्ध करावी, म्हणजे रस्त्यालगतच्या चार शाळांना सर्व काही आणि आतल्या वस्तीतील शाळेला काहीच नाही, हा प्रकार उघडा पडेल.

या सूचनांपैकी पहिलीला खर्च येतो आणि म्हणून तिला टाळाटाळ होईल. संस्था मदत करीतच आहेत, मग पदे कशाला भरायची, असा युक्तिवाद केला जाईल. तो मान्य करणे म्हणजे १९७५ नंतर न्यूयॉर्कने केलेली चूक जाणूनबुजून करणे होय. यासाठी महापालिकेने आपल्या शिक्षणविषयक अर्थसंकल्पात दात्यांकडून येणारी रक्कम स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी आणि कलाशिक्षकांच्या पदांसाठीच्या तरतुदीतून ती कधीही वजा करू नये. एवढा एक नियम पाळला गेला, तरी येणाऱ्या प्रत्येक संस्थेला काम करण्यासाठी शाळेत एक भक्कम जागा मिळेल, आणि परीक्षेच्या दिवसांत चित्रकलेचा तास काढून घेऊ नका असे मुख्याध्यापकांना सांगणारा एक माणूस शिक्षकांच्या खोलीत असेल.