पिक्चर एक, मतं सतरा



पिक्चर पाहून आलात की पहिला प्रश्न ठरलेला, "कसा होता रे?" उत्तरंही ठरलेली. "झकास!" नाहीतर "भंगार!" झाला निकाल एका शब्दात. गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं आणि रीत गाळली, तर गुण कापतात की नाही? मग पिक्चरचीच रीत का गाळायची? आज आपण एका पिक्चरची रीत मांडून बघू या.

पिक्चरचं नाव 'नोइंग'. तो आला २००९ साली. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स प्रोयास आणि मुख्य काम निकोलस केजचं. गोष्ट अमेरिकेतली, पण चित्रीकरण बरंचसं ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात झालं. विज्ञानकथा, संकट आणि रहस्य अशी तिन्हींची भेळ आहे ही. (ज्यांनी पाहिला नाही त्यांना आधीच बजावते, पुढे शेवटही सांगितला आहे!)

१९५९ साली एका शाळेत मुलांना सांगतात, पन्नास वर्षांनंतरचं जग कसं असेल त्याचं चित्र काढा. ती चित्रं डब्यात बंद करून जमिनीत पुरतात. बाकीची मुलं चित्रं काढतात, पण लुसिंडा नावाची मुलगी कागदभर नुसते अंक लिहिते. पन्नास वर्षांनी डबा उघडतो आणि तो कागद केलेब नावाच्या मुलाच्या हाती येतो. त्याचे बाबा खगोलशास्त्राचे प्राध्यापक. ते बघतात तर काय, मोठमोठ्या अपघातांच्या तारखा, मेलेल्यांची संख्या आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश त्या कागदावर ओळीनं लिहिलेले! तीन घटना घडायच्या बाकी असतात. शेवटची म्हणजे सूर्यावरची एक प्रचंड ज्वाळा. ती सगळी पृथ्वी जाळून टाकते. परग्रहावरचे पाहुणे काही मुलांना तेवढं वाचवून घेऊन जातात.

आमच्या शाळेतून हायस्कुलात गेलेली काही मुलं आणि दोन-तीन पालक यांनी हा पिक्चर पाहिला होता. मी सगळ्यांना मत विचारलं आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, "का?"

आठवीतला एक मुलगा म्हणाला, "विमान पडतं तो सीन एक नंबर!" का? जरा विचार करून म्हणाला, "मध्ये कुठे कटच होत नाही. आपणच त्या माणसाच्या मागे पळतोय असं वाटतं." बघा, ही झाली रीत.

सातवीतल्या एका मुलीनं तर मला चकित केलं. प्राध्यापकांना कागदावर सगळ्यात आधी सापडतात ते अंक ९११०१२९९६. त्याचा अर्थ ९/११/०१, म्हणजे ११ सप्टेंबर २००१, न्यूयॉर्कच्या जोड-मनोऱ्यांवर हल्ला झाला तो दिवस, आणि २,९९६ बळी. ती म्हणाली, "बाई, अमेरिकेत महिना आधी लिहितात. आपण तारीख आधी लिहितो. हा कागद आपल्याला मिळाला असता, तर आपण ९ नोव्हेंबर समजून बसलो असतो!" शाब्बास! अंक स्वतःहून बोलत नाहीत, आपण त्यांना बोलतं करतो. पिक्चरमध्येही प्राध्यापकांचा एक मित्र त्यांना बजावतो, की माणसाला अंकांत जे बघायचं असतं तेच दिसतं.

घरी करून बघा. कसेही, न ठरवता दोनशे अंक ओळीनं लिहा. कुठलीही एक दोन-अंकी संख्या त्यात सरासरी दोनदा सापडेल. तुमचा रोल नंबर, घराचा नंबर, आजोबांचं वय, सगळं सापडेल! म्हणून काय तो कागद जादूचा झाला?

एक बाबा म्हणाले, "सूर्याची ज्वाळा पृथ्वी जाळणार? काहीतरीच!" त्यांच्या मुलाची आई म्हणाली, "मला शेवट बघवेना. बाप मागे राहतो आणि मूल एकटं जातं." तिचाच मुलगा म्हणाला, "पण मुलं वाचतात ना! मला आवडलं." प्रसंग तोच, मतं दोन, आणि दोन्ही खरी.

मोठ्यांचंही असंच झालं बरं का. शिकागोच्या वर्तमानपत्रात लिहिणारे प्रसिद्ध समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी या पिक्चरला चारपैकी चार तारे दिले. इतर कितीतरी समीक्षकांनी त्याची टर उडवली, शेवट तर अनेकांना हास्यास्पद वाटला. ईबर्टना आवडला तो त्यातला प्रश्न : जगात सगळं आधीच ठरलेलं असतं, की आपोआप, कसंही घडतं?

आणि हाच प्रश्न मला चौथीतल्या एका मुलानं विचारला. दादासोबत बसून त्यानं पिक्चर पाहिला होता. मत विचारलं तेव्हा गप्प. सगळे गेल्यावर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, सगळं आधीच लिहिलेलं असलं, तर अभ्यास कशाला करायचा?" रात्री त्याला झोप येत नव्हती म्हणे. दुपारच्या उन्हाचीही भीती वाटत होती.

अशा वेळी "अरे, पिक्चर असतो तो, वेडा कुठला!" असं म्हणून चालत नाही. त्याला मी जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगते.

सूर्यावर स्फोट होतात, हे अगदी खरं. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी तसा एक स्फोट दुर्बिणीतून पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन धडकलं. तारायंत्रांत ठिणग्या उडाल्या, काही तारमास्तरांना झटके बसले. आणि गंमत म्हणजे, त्या वादळाची मोलाची नोंद कुठे झाली ठाऊक आहे? आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत! शास्त्रज्ञ आजही ती नोंद अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय मोजमापाचं काम १९०४ साली अलिबागला हलवलं.

१३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळानं कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली. म्हणजे धोका आहे तो वीज, उपग्रह, संदेशवहन यांना. पृथ्वीचं वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र आपल्याला सांभाळतं. आपला सूर्य पृथ्वी जाळून टाकणारी ज्वाळा अशी अचानक फेकत नाही. तो म्हातारा होऊन फुगेल, पण त्याला सुमारे ५०० कोटी वर्षं आहेत. तोवर तुमची दहावी नक्की होईल!

आता दुसरा प्रश्न. कागदावरचं भविष्य आणि शास्त्रज्ञांचा अंदाज यांत फरक काय? पिक्चरमधला कागद सांगतो, हे होणारच, तुम्ही काहीही करा. अंदाज सांगतो, हे होऊ शकतं, तेव्हा आत्ताच काहीतरी करा. १९९९ साली ओडिशात महाचक्रीवादळ आलं, तेव्हा सुमारे १०,००० माणसं गेली. २०१३ साली तिथेच 'फायलिन' हे मोठं वादळ आलं. पण आधी इशारा मिळाला, लाखो लोकांना सुरक्षित जागी हलवलं आणि बळींची संख्या शंभराच्याही आत राहिली. कुणाच्या कपाळी काय लिहिलंय, हे कुणी वाचत बसलं नाही. शिकलेल्या माणसांनी वारा मोजला, हिशेब केला, गावोगाव निरोप पोचवले. २ सप्टेंबर २०२३ रोजी आपल्या देशानं 'आदित्य एल-१' हे यान सोडलं, तेही सूर्यावर नजर ठेवण्यासाठीच.

"म्हणून अभ्यास करायचा," मी म्हटलं. त्यानं मान डोलावली. मग विचारतो कसा, "बाई, ते यान रात्री पण सूर्य बघतं?" मी म्हटलं, "हो तर! ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर, सूर्याच्या बाजूला आहे. तिथे रात्रच होत नाही." मग कुठे स्वारी हसली.

पालकांनो, एक विनंती. असे पिक्चर लहान मुलांना एकट्यानं बघू देऊ नका. शेजारी बसा, आणि संपल्यावर "चला, झोपा आता" म्हणण्याआधी दहा मिनिटं बोला. भीती मनात राहिली की वाढते.

आणि मित्रांनो, पुढचा पिक्चर बघाल तेव्हा वहीत तीनच ओळी लिहा. काय आवडलं आणि का? काय पटलं नाही आणि का? कुठला प्रश्न पडला? तिसरी ओळ कोरी राहिली तर तो पिक्चर आणखी एकदा आठवून बघा. सापडेल काहीतरी!