जाळ्यात काय आलं, ते लिहून ठेवा

लोणावळ्याला येणारी माणसं वळवण धरणाजवळून रोज ये-जा करतात. त्याच पाण्याकाठी टाटांच्या वीज कंपनीचं मत्स्यबीज केंद्र आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांनी १९७०च्या दशकात इथे महाशीर माशाची, म्हणजे आपल्या खडशीची, कृत्रिम पैदास यशस्वी केली. पावसाळ्यात भरलेली मादी धरायची, पोटावर हलका दाब देऊन अंडी काढायची, त्यांत नराचं वीर्य मिसळायचं आणि ती वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. अंडी पिवळसर, जड, तळाला बसणारी. रोहू-कटल्याच्या मानाने ती फारच थोडी असतात, म्हणून एकेक मादी मोलाची. इथलं बीज पुढे देशातल्या अनेक राज्यांत गेलं.

हे काम शास्त्रज्ञांचं, यात शंका नाही. पण भरलेली मादी कोणत्या आठवड्यात, कोणत्या ओढ्याच्या तोंडाशी येते, हे पाण्यावर रोज असणाऱ्यालाच कळतं. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय यादी मांडली, तेव्हा खुद्री, कोळस, नुक्ता, सांडखोल ही इथल्या लोकांच्या तोंडची नावंच त्यांनी शास्त्रात नेली. शास्त्राने मच्छीमाराकडून घेतलं आहे, ते असं पहिल्यापासून. आता त्याची परतफेड व्हावी आणि देवाणघेवाण वहीवर यावी, एवढंच मला मावळातल्या माणसांना सांगायचं आहे.

वहीने काय होतं, हे कावेरीत दिसलं. लोणावळ्याची खडशी दक्षिणेत नेऊन कावेरीत सोडली गेली. हेतू चांगला होता. मासा तिथे चांगला रुजला. पण कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. नदीकाठच्या एका शिबिरात गळ टाकणाऱ्यांनी पकडलेल्या माशांची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जात होती. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा बाहेरून आलेली खडशी वाढत गेलेली दिसली. कावेरीच्या मूळ माशाची संख्या मात्र घटत होती, आणि सापडत होते ते बहुतेक मोठे, वयस्क मासे. लहान पिढी जवळजवळ येतच नव्हती. २०१८ मध्ये तो मासा जागतिक यादीत ‘अतिशय संकटग्रस्त’ म्हणून नोंदवला गेला. नदीवरच्या माणसांनी वही ठेवली नसती, तर ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली असती, याचा विचार करून पाहा.

आपली खडशी जागतिक यादीत आता धोक्याबाहेर मानली जाते. त्यावर निर्धास्त होऊ नका. ती यादी साऱ्या प्रदेशाची आहे, आपल्या इंद्रायणीची नाही. देहूच्या डोहात मासे श्रद्धेने राखले गेले, आणि त्याच नदीत मैलापाण्याने मासे मेल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत.

तेव्हा पवना, वळवण, शिरवटा, ठोकळवाडी, आंद्रा या पाण्यांवर जाळं टाकणाऱ्या कातकरी, ठाकर, कोळी बंधू-भगिनींनो, आणि मच्छीमार संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनो, एक शंभर पानी वही घ्या. तारीख, जागा, जाळ्याच्या आसाचं (भोकाचं) माप, जाळं किती तास पाण्यात होतं, कोणता मासा किती किलो आला, मादी गाभोळीची होती का, इतकं लिहा. नावं तुमचीच लिहा: मरळ, वाम, शिंगटा, खडशी, चिलापी. शास्त्रीय नाव शोधणं हे शास्त्रज्ञाचं काम. जाळं रिकामं आलं, तो दिवस तर नक्की लिहा, कारण रिकाम्या दिवसांशिवाय भरलेल्या दिवसांचा हिशेब लागत नाही. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा, ती लिहील. अनोळखी मासा आला तर शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा. लहान माशालाही कमी लेखू नका. खंडाळ्याच्या ओढ्यातला दगडाला चिकटून राहणारा एक चिमुकला मासा १९१९ साली जगाला नवा म्हणून कळला.

पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायची आपली जुनी रीत आहे. ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण ओढ्याची सगळी वाट अडवू नका, आणि अंड्यांनी भरलेली खडशी हाती आली तर परत सोडा. जिलेटिन आणि ब्लीचिंग पावडर वापरणाऱ्याला गावाने थारा देऊ नये. त्याच्या एका दिवसात सगळ्यांचं वर्ष जातं.

महाविद्यालयांतल्या आणि संस्थांतल्या संशोधकांनाही स्पष्ट सांगायला हवं. आधार म्हणून ज्यांच्या नोंदी घेता, त्यांचं नाव निबंधात घाला. निष्कर्ष मराठीत, वस्तीवर येऊन, पावसाळ्याच्या आत सांगा. ज्या दिवशी मच्छीमाराला नावाड्याचं काम सांगता, त्या दिवसाची मजुरी द्या. माहिती देणाऱ्याच्याच गळ्याशी उद्या ती येणार असेल, तर खरी माहिती कुणी देणार नाही. राज्याने समुद्रावर २०१८ पासून हे ध्यानात घेतलं आहे. जाळ्यात अडकलेलं संरक्षित कासव किंवा बहिरी (व्हेल शार्क) मासा जाळं कापून सोडला आणि त्याचा फोटो दिला, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जीव वाचतो, नोंद होते, आणि नुकसान एकट्याच्या माथी बसत नाही. धरणांवरही अशी सोय का असू नये? मत्स्यव्यवसाय खात्याने आणि धरणं ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी याचं उत्तर द्यावं.

आणि तुम्ही, जे मासे पकडत नाही पण खाता, किंवा शनिवार-रविवार इथे फिरायला येता: घरच्या काचेच्या टाकीतला सकर मासा पवनेत सोडू नका. दया म्हणून सोडलेला तो एक मासा पुढे इथल्या माशांची जागा खातो. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. बाजारात मासेवालीला विचारा, ‘मावशी, हा कुठल्या धरणाचा?’ गिऱ्हाईक विचारू लागलं की विकणारा सांगू लागतो.

पावसाळा येतो आहे. वही त्याआधी घ्या, आणि पहिलं पान चढणीच्या पहिल्या दिवशी लिहा.