जुन्नरची पांढरी छत्री

नवा धनी जुन्या धन्याला हटवतो, पण त्याच्या खुणा मात्र जपून ठेवतो. याचा नमुना पाहायला जुन्नरकरांना लांब जायला नको.

१४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद जुन्नरला परतला आणि दोन गोष्टी केल्या. शुक्रवारच्या खुतब्यातून बहमनी सुलतानाचं नाव काढून स्वतःचं घातलं आणि डोक्यावर पांढरी छत्री धरवली. दोन्ही मान सुलतानाचे. सरदारांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुढचा किस्सा इतिहासकार फिरिश्ता सांगतो. मलिक अहमदने खुतबा लगेच मागे घेतला. छत्री मात्र उन्हासाठी आहे, म्हणाला. मग ऊन आम्हालाही लागतं, असं सरदारांनी म्हणताच त्याने सगळ्यांनाच छत्रीची मुभा दिली. फक्त स्वतःच्या छत्रीवर लाल कापड लावून घेतलं. थोड्याच दिवसांत त्याच सरदारांनी त्याला खुतबाही पुन्हा सुरू करायला लावला. त्याच्या घराण्याला पडलेलं निजामशाही हे नावसुद्धा त्याच्या बापाला बहमनी दरबाराने दिलेल्या ‘निजामुल्मुल्क’ या किताबातून आलेलं.

रोमच्या पडझडीनंतर युरोपातही हेच चाललं होतं. फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याला ५०८ मध्ये पूर्व रोमन सम्राटाकडून कॉन्सलपदाची सनद आली, तेव्हा तो जांभळा अंगरखा घालून तूर शहरात मिरवला. राज्य त्याने तलवारीवर मिळवलं होतं. पण रोमन प्रजेपुढे आणि शेजारच्या राजांपुढे वजन पडायला सम्राटाची मोहोर लागत होती.

आज छत्रीच्या जागी निवडणूक चिन्ह आलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेनेचा धनुष्यबाण शिंदे गटाला दिला, फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीचं घड्याळ अजित पवार गटाला. पक्ष फुटला की पहिली धाव चिन्हाकडे असते, कारण मतदाराची नजर वर्षानुवर्षं तिथेच जाते.

पण चिन्हाच्या जोरालाही मर्यादा आहे. मलिक अहमदची छत्री टिकली, कारण तिच्याआधी त्याने लढाई जिंकली होती. २०२४च्या विधानसभेत आंबेगावात घड्याळ शरद पवार गटाच्या तुतारीपुढे जेमतेम तरलं. शेजारच्या जुन्नरमध्ये घड्याळ आणि तुतारी दोन्ही रिंगणात होती. निवडून आले अपक्ष शरद सोनवणे.