कळफलकाचे बारसे

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या कोणत्याही आज्ञावलीत कळफलक निवडण्याची एक यादी असते. या यादीची चर्चा सहसा कोणी करीत नाही. परंतु मराठीतून लिहू इच्छिणाऱ्या माणसाची पहिली गाठ पडते ती तिच्याशीच, आणि अनेकांचा उत्साह मावळतो तोही तेथेच. इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन, ट्रान्सलिटरेशन, आयट्रान्स अशी नावे त्याच्यापुढे उभी राहतात. यांतील आपले कोणते, हे ठरविण्यास त्या नावांची काडीचीही मदत होत नाही.

ही नावे ठेवताना कोणतेही एक सूत्र पाळलेले दिसत नाही. 'रेमिंग्टन' हे टंकलेखन यंत्राच्या कारखानदाराचे नाव. 'इन्स्क्रिप्ट' हा 'इंडियन स्क्रिप्ट' या दोन इंग्रजी शब्दांचा संक्षेप. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने 1986 मध्ये ही मांडणी प्रमाण ठरविली आणि 1991 मध्ये तिला भारतीय मानकात स्थान मिळाले. 'फोनेटिक' म्हणजे उच्चारानुसारी. पण वर्णमालेच्या उच्चारक्रमाला धरून असणे हाच तर इन्स्क्रिप्टचाही गुण! या गोंधळाचा कळस विंडोज प्रणालीत पाहावा. तेथे 'हिंदी ट्रॅडिशनल' नावाचा कळफलक आहे. जुन्या यंत्रावर हात बसलेला टंकलेखक 'पारंपरिक' या शब्दाला भुलून तो निवडतो आणि पदरात पडते ती इन्स्क्रिप्टची मांडणी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, म्हणतात ते हेच.

या पद्धतींमधील भेद वरवरचा नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. 'किती' हा साधा शब्द घ्या. टंकलेखन यंत्राच्या पद्धतीत डोळ्यांना दिसते त्या क्रमाने ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर उमटवावा लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये उच्चाराप्रमाणे 'क' आधी व वेलांटी नंतर येते, आणि त्यासाठी इंग्रजी के, एफ, एल, आर या कळा क्रमाने दाबाव्या लागतात. तिसऱ्या पद्धतीत रोमन लिपीतील स्पेलिंग लिहावे, म्हणजे देवनागरी शब्द आपोआप उमटतो. थोडक्यात, एकीत डोळा, दुसरीत कान आणि तिसरीत इंग्रजीची सवय वाटाड्याचे काम करते. वर्षानुवर्षे बोटांत मुरलेली सवय ज्याच्यापाशी आहे, त्याच्या हाती भलतीच पद्धत पडली तर पहिल्याच ओळीत अक्षरांचा काला होतो. असा लिपिक यादीतील नावाला दोष देत नाही. 'या संगणकावर मराठी नीट येत नाही' असे म्हणून तो इंग्रजीकडे वळतो. विद्यार्थी तर त्याच्याही पुढे जाऊन मराठीच रोमन लिपीत लिहू लागतो. 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला जे स्थान दिले, ते कार्यालयातील टेबलावर टिकायचे की नाही, हे अशा क्षुल्लक वाटणाऱ्या ठिकाणी ठरत असते.

यावरचा उपाय खर्चिक नाही. कळफलकाच्या नावाने तो कोणी घडविला हे न सांगता बोटांनी काय करावयाचे हे सांगावे. 'मराठी : टंकलेखन यंत्राप्रमाणे', 'मराठी : वर्णमालेच्या क्रमाने', 'मराठी : रोमन स्पेलिंगमधून' ही नावे कोणत्याही शिक्षकाला प्रथमदर्शनी कळतील. रुळलेले नाव ज्याला ठाऊक आहे त्याची अडचण होऊ नये म्हणून 'इन्स्क्रिप्ट' किंवा 'रेमिंग्टन' हा शब्द शेजारी कंसात ठेवावा, आणि खाली 'किती' कसे लिहावे याचा एका ओळीचा नमुना द्यावा. नावे बदलली की जुन्या जुळण्या मोडतील, अशी शंका तंत्रज्ञ घेतील. ती रास्त आहे. परंतु यंत्र ज्या खुणेने कळफलक ओळखते ती आतली खूण तशीच ठेवून पडद्यावर दिसणारे नाव तेवढे बदलता येते. नाव लांबते, हा आक्षेपही टिकणारा नाही. चार शब्द अधिक वाचण्याचे श्रम हे चार दिवस चुकीच्या कळा बडविण्याच्या श्रमांपेक्षा केव्हाही हलकेच.

नामकरणाचे हे काम मराठीला नवे नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर भाषा संचालनालयाने पदनाम कोश सिद्ध केला. त्यातील काही शब्दांची थट्टा झाली, काही मात्र असे रुळले की ते कोणी घडविले याचा आज विसर पडला आहे. कळफलकाच्या पाच-सहा नावांसाठी कोशाचीही गरज नाही. भाषा संचालनालयाने एक छोटी यादी प्रसिद्ध करावी, आज्ञावली बनविणाऱ्यांनी ती उचलावी, आणि शासनाने आपल्या कार्यालयांसाठी संगणक घेताना तिचा आग्रह धरावा. मराठीच्या अभिमानाची भाषणे आपण पुष्कळ ऐकली. आता ज्याला मराठीत एक साधा अर्ज लिहावयाचा आहे, त्याला योग्य कळफलक पहिल्याच प्रयत्नात सापडावा, एवढी सोय केली तरी पुष्कळ होईल.