जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवायचीय? आधी बाजारात काय चाललंय ते समजून घ्या

इंजिनिअरिंगला असल्यापासून नात्यात कुणाचाही कॉम्प्युटर रेंगाळायला लागला की फोन मला येतो. माझं उत्तर ठरलेलं असायचं: रॅम टाका. सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक पडायचा, आणि स्क्रू ड्रायव्हर धरता येणारा कुणीही हे काम करू शकायचा. २०२५ च्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत मात्र हा हिशोब बिघडला. डीडीआर५ चे किट पाहता पाहता दुप्पट-तिप्पट किमतीला गेले, डीडीआर४ त्यांच्या मागोमाग. रास्पबेरी पायसारख्या शिकाऊ मुलांच्या छोट्या कॉम्प्युटरनेही डिसेंबर २०२५ मध्ये मेमरीचं कारण देऊन किमती वाढवल्या. १६ जीबीचा पाय-५ तर १२० डॉलरवरून १४५ वर गेला.

दुकानदार म्हणतो "एआयमुळे". आपल्याला वाटतं, हा काहीही सांगतोय. पण यावेळी तो खरं सांगतोय.

जगातली बहुतेक सगळी डीरॅम तीन कंपन्या बनवतात: कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेतली मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरमध्ये जी कार्डं बसतात त्यांना एचबीएम नावाची मेमरी लागते. यात डीरॅमच्या चकत्या एकावर एक रचून जोडलेल्या असतात. मायक्रॉनने स्वतः सांगितलेलं गणित असं, की एक जीबी एचबीएम बनवायला साध्या डीडीआर५ च्या साधारण तिप्पट सिलिकॉन खर्ची पडतं. म्हणजे कारखाना तोच, वेफर तेवढेच, पण त्यातून आपल्यासाठी निघणारे जीबी कमी. त्यात नफा एचबीएममध्ये जास्त. मग कंपनी कुणाला आधी माल देणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी प्राथमिक करार केले, त्यात महिन्याला ९ लाख वेफरचं लक्ष्य सांगितलं गेलं. तो आकडा प्रत्यक्षात येईल का हा वेगळा वाद, पण बाजाराला तेवढं पुरलं.

मग ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने जाहीर केलं की 'क्रूशियल' हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करणार, फेब्रुवारी २०२६ पर्यंतच माल पाठवणार. जुन्या मशीनवर काम करणाऱ्यांना हे जास्त लागलं. क्रूशियलची रॅम म्हणजे कसलीही शोभा नसलेली, हिरवी पट्टी, पण कुठल्याही बोर्डवर गुपचूप चालणारी.

साणंदच्या प्लांटचं काय, असं एकाने मला विचारलं. गुजरातमधला मायक्रॉनचा प्लांट चिपची जुळणी आणि चाचणी करतो, मूळ वेफर तिथे बनत नाहीत. टंचाई वेफरची आहे, त्यामुळे त्याचा दरावर परिणाम व्हायचं कारण नाही. नवे कारखाने उभे राहताहेत, पण मायक्रॉनच्याच म्हणण्यानुसार अमेरिकेतल्या आयडाहोमधला पहिला वेफर २०२७ च्या मध्यावर निघेल. "दिवाळीपर्यंत थांबू, स्वस्त होईल" यावर मी तरी पैज लावणार नाही.

आता ज्यांच्याकडे दहा-बारा वर्षं जुना डेस्कटॉप आहे त्यांचं बघू. माझ्या मामाचं तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान आहे: लग्नपत्रिका, बॅनर, सातबाराचे अर्ज, सगळं. चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. कोरलड्रॉ आणि ब्राउझर एकत्र उघडले की मशीन गप्प बसतं आणि समोर गिऱ्हाईक उभं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, म्हणजे हे मशीन अधिकृतपणे बसतच नाही. आणि नवीन मशीन घ्यावं तर त्यातही तीच महाग रॅम. अशी हजारो दुकानं, क्लासेस, पतसंस्थांची ऑफिसं आहेत.

अशा मशीनसाठी एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीत डीडीआर३ लागते, आणि मोठ्या कंपन्यांनी ती बनवणं जवळपास सोडलंय. त्यामुळे डीडीआर३ चा बाजार मुख्यतः वापरलेल्या पट्ट्यांचा आहे. विंडोज १० संपल्यावर ऑफिसं जे जुने डेस्कटॉप भंगारात काढताहेत, त्यातूनच हा माल येतो. माझा अंदाज, तो आणखी काही काळ येत राहील. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, इथे विचारलं तर मिळते. सहाव्या-सातव्या पिढीपासून पुढे किंवा एएमडीच्या एएम४ बोर्डवाल्यांना डीडीआर४ लागते, त्यांना दराची झळ खरी बसते. २०२५ मध्ये कंपन्यांनी डीडीआर४ गुंडाळायला घेतली आणि जूनमध्ये तर तिचा घाऊक भाव डीडीआर५ च्याही वर गेला होता.

पैसे काढण्याआधी फुकटात पाच मिनिटांचं काम करा. नेहमीची सगळी सॉफ्टवेअर उघडी ठेवा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. वापर ८५-९० टक्क्यांच्या वर चिकटून बसला असेल तर रॅम कमी आहे. ८ जीबीपैकी पाचच वापरात असतील आणि डिस्क मात्र १०० टक्के दाखवत असेल, तर दुखणं हार्डडिस्कचं आहे. एसएसडीही महागल्या आहेत, तरी तिथे २५६ जीबीची साधी साटा एसएसडी टाकणं हाच योग्य खर्च. त्याच पानावर किती स्लॉट भरलेत तेही लिहिलेलं असतं. मामाला मी सांगितलं ते असं: ४ जीबीची आणखी एक पट्टी घ्या म्हणजे दोन्ही चॅनल चालतील, आणि सोबत एसएसडी. १६ जीबी करायची गरज नाही.

आणखी एक तपासा: विंडोज ३२-बिट आहे का? असेल तर ४ जीबीच्या वर टाकलेली रॅम ती वापरणारच नाही. डीटीपीवाल्यांकडे हे हमखास सापडतं, कारण मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं जुनं डोंगल. ६४-बिट करण्याआधी त्या डोंगलचा ड्रायव्हर मिळतो का ते विचारून घ्या, नाहीतर रॅम वाढेल आणि पत्रिका छापायच्या थांबतील.

टंचाईच्या काळात फसवणूकही वाढते, म्हणून दोन सापळे सांगतो. ऑनलाइन '८ जीबी डीडीआर३' आश्चर्यकारक स्वस्त दिसली की बारीक अक्षरं वाचा. 'फक्त एएमडीसाठी' लिहिलेलं असेल तर त्यातल्या चिपची रचना वेगळी असते, इंटेलच्या बोर्डवर ती चालत नाही. तसंच 'ईसीसी रजिस्टर्ड' म्हणजे सर्व्हरमधून काढलेली रॅम. ती साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसते छान, पण मशीन सुरू होत नाही. बोर्डची मर्यादाही बघा: एच६१ चिपसेटला दोन स्लॉट आणि जास्तीत जास्त १६ जीबी, त्याहून जुन्या जी४१ ला ८ जीबी.

वापरलेली पट्टी घेताना दुकानदाराकडून किती दिवसांत बदलून मिळेल ते बिलावर लिहून घ्या. घरी आल्यावर वायर काढून पॉवरचं बटण एकदा दाबा, म्हणजे उरलेला करंट जाईल. सोनेरी टोकं खोडरबराने हलकी घासा, खाच जुळवा आणि दोन्ही बाजूंच्या क्लिप 'टक्' वाजेपर्यंत दाबा. सुरू करताना नुसते बीप आले तर घाबरू नका, बहुतेकदा पट्टी नीट बसलेली नसते. मग मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी पट्टी परत करा, मशीन वरवर व्यवस्थित चालत असलं तरीही.